काही बिघडलंय का?

संस्था मोठी झाली की तिला जागा लागते, आणि जागा मिळेपर्यंत ती अध्यक्षाच्या आईच्या उरावर बसते. ‘ठाकठीक युवा संस्था’ कितीतरी महिने अशीच तळमजल्यावरच्या एका छोट्या घरात ठाण मांडून बसली होती. सोफ्यावर बॅनरची गुंडाळी झोपलेली, टीव्हीसमोर शिडी उभी, जेवणाच्या टेबलावर शिक्का आणि त्याची शाई. वरणात शाई पडली की शाईत वरण पडलं यावरून त्या घरात भांडणं झाली होती. दारात कुणी आलं की त्याला आधी ‘सभासद की लाभार्थी?’ असं विचारलं जाई. एकदा अध्यक्षांच्या सख्ख्या आत्या आल्या, तर त्यांना नाव-पत्ता विचारून बाकावर बसवून ठेवलं होतं. त्या दिवसापासून आत्या फक्त फोन करत.

शनिवारी सकाळी भाजी चिरता चिरता आईने सुरी खाली ठेवली. आईने सुरी खाली ठेवली की घरात सगळे सावध होत, कारण महत्त्वाचं बोलताना तिला दोन्ही हात मोकळे लागत.

"उद्या त्या ट्रस्टच्या बाई येणारेत ना तुमचं काम बघायला?"

"हो," अध्यक्ष असलेली लेक म्हणाली. "आवडलं तर कोपऱ्यावरचा त्यांचा रिकामा गाळा आपल्याला देणारेत."

"दिला तर आनंदच आहे. नाही दिला, तर सोमवारपासून या घरात एक तर तुझी संस्था राहील, नाहीतर मी."

"आई, असं काय गं!"

"असंच. आणि संस्थेला स्वयंपाक येतो का, ते आधी विचारून घे."

एवढं बोलून आईने पुन्हा सुरी उचलली. तिच्या मागे स्वयंपाकघरातला नळ टप टप करत होता. त्याच्याखाली बादली होती, आणि बादली भरली की आई एकही शब्द न बोलता, पण भांड्यांचा भरपूर आवाज करत ती झाडांना नेऊन ओतत असे. दुसऱ्यांचे नळ दुरुस्त करणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी नळ गळावा, यालाच दिव्याखाली अंधार म्हणतात. पण त्यामागे एक नियम होता, आणि नियम काय होता हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

अध्यक्षांना सगळे ‘पक्कड’ म्हणत. एक तर तिच्या दप्तरात वह्यांच्या जोडीला नेहमी एक पक्कड असे. आणि दुसरं म्हणजे तिने एकदा एखादी गोष्ट धरली की सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. कॉलेजात असताना ती दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गणित विचारायला गेली होती. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण गणितातून झाले नव्हते. ते समजावत होते आणि मोरीतला नळ थेंब टाकत होता. पक्कडचं लक्ष गणितात लागेना. शेवटी ती उठली, नळ उघडला, झिजलेला वायसर काढला, जुन्या चपलेचं रबर कापून तिथे बसवलं आणि परत येऊन म्हणाली, "हं, आता सांगा."

मास्तर बराच वेळ त्या शांततेकडे कान देऊन बसले. मग त्यांनी गणित तर सांगितलंच, वर स्वतःच्या हाताने चहा केला. हे पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंना कळलं, त्यांच्याकडून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या टेलरकाकांना कळलं, आणि मग आजूबाजूच्या इमारतींत जिथे जिथे एकटं म्हातारं माणूस होतं तिथून बोलावणी येऊ लागली. कॉलेजातले मित्र जमले. त्यात उंच्या होता, ज्याला दिवा बदलायला शिडी लागत नसे. दर रविवारी ही पोरं घरोघर जायची, पंखे, कड्या, बटणं नीट करायची आणि चहा झाल्याशिवाय उठायची नाहीत. तेवढा एकच नियम होता, तोसुद्धा नर्सबाईंनी घातलेला.

आणि मग त्यांच्यात मुद्दा आला.

मुद्दाचं खरं नाव त्याच्या आईवडिलांखेरीज कुणाच्या लक्षात नव्हतं. कुठेही चार माणसं बोलत असली की तो बोट वर करून म्हणायचा, "माझा एक मुद्दा आहे." त्याचा पहिला मुद्दा होता, की एवढं चांगलं काम नुसतं करून काय उपयोग, ते नोंदवायला हवं. मुद्दा पटण्यासारखा होता. संस्था नोंदली गेली. पक्कड अध्यक्ष झाली, मुद्दा सचिव झाला, उंच्याला ‘उच्चस्तरीय कामे’ हे खातं मिळालं. एक गोरटेला मुलगा साहित्यप्रमुख झाला. त्याने पहिल्याच दिवशी हत्यारांच्या पेटीला कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवली. पूर्वी नर्सबाई जिन्यातून हाक मारायच्या, "अगं पोरी, पंखा फिरेना गं!" आणि पोरी जायची. आता नर्सबाईंनी अर्ज करायचा, मग पाहणी उपसमिती पंखा फिरत नाही याची खात्री करून घ्यायची, मग सभा व्हायची. सभेत पंखा फिरवायचा ठराव मंजूर होईपर्यंत थंडी पडायची. चहाचं तर नावच काढायला नको. ‘लाभार्थ्यांकडून कोणताही लाभ घेऊ नये’ या कलमात चहा बसत होता.

संस्थेच्या त्याच घटनेत हितसंबंधांचं कलम होतं. ‘पदाधिकाऱ्यांच्या घरी संस्थेमार्फत दुरुस्ती होणार नाही.’

"पण मी घरी संस्था म्हणून नाही, मुलगी म्हणून नळ दुरुस्त करते ना!" पक्कड म्हणाली होती.

"माझा मुद्दा असा, की पाना संस्थेचा, वायसर संस्थेचा. मग मुलगी कुठून आली?" मुद्दा म्हणाला होता.

पक्कडने पाना पेटीत परत ठेवला होता. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून तिला बरंच काही सुचेनासं झालं होतं. तिच्या हातांवरचे काळे डाग गेले होते आणि बोटांवर शिक्क्याची निळी शाई आली होती. शेवटचा नळ आपण कधी उघडला, हे तिला आठवत नव्हतं. तिला वाईट वाटे. पण वाईट वाटण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसे.

तर त्या शनिवारी आईची सुरी पुन्हा चालू झाली आणि तेवढ्यात मुद्दा धापा टाकत आत आला. त्याच्या मागे उंच्या दाराच्या चौकटीला डोकं वाचवत आला.

"घोटाळा झालाय," मुद्दा म्हणाला. "बाईंचा फोन आला होता. त्यांना अहवाल नकोय. फोटो नकोत. म्हणाल्या, मला काम होताना बघायचंय."

"मग दाखवू की!"

"काय दाखवणार? आठवडाभर आपण काय केलं? बाई येणार म्हणून पडून राहिलेली सगळी कामं संपवली! एकही अर्ज शिल्लक नाही. आख्ख्या इमारतीत काही बिघडलेलं नाही."

"शेजारच्या?"

"तिथलंही केलं."

उंच्या म्हणाला, "मी आत्ता सगळीकडे विचारून आलो. काही बिघडलंय का? सगळे म्हणतात, नाही रे बाळा, सगळं ठाकठीक आहे. वर आशीर्वाद देतात!"

तिघंही बाकावर टेकली. ज्या दिवसासाठी माणूस संस्था काढतो तो दिवस उजाडावा आणि नेमका तो अडचणीचा ठरावा, असा हा प्रकार होता. स्वयंपाकघरातून टप टप आवाज येत होता. आईने आतूनच खाकरून दाखवलं.

"नाही काकू," मुद्दा म्हणाला. "कलम आहे."

संध्याकाळी पक्कड एकटीच मास्तरांकडे गेली. हा उद्योग सभेत मांडण्यासारखा नव्हता.

"मास्तर, तुमच्याकडे काही बिघडलंय का हो?"

"छे! परवाच तर तुमची मुलं सगळं करून गेली. चहा टाकतो म्हटलं तर पळाली."

"मग..." पक्कडने चपलेकडे बघत विचारलं, "थोडंसं बिघडवता येईल?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पक्कडने त्यांना सगळं सांगितलं: ट्रस्टच्या बाई, गाळा, आईची सुरी. ऐकता ऐकता मास्तरांचे डोळे लुकलुकायला लागले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी पेपर काढायला सांगितला नव्हता.

"सोपं काढू की अवघड?"

"अगदी सोपं काढा मास्तर. मोरीतल्या नळाचा नट दोन फेरे सैल करा, बस्स. थेंब थेंब गळायला हवं. बाई आल्या की मी दोन मिनिटांत आवळीन."

"दोन मिनिटांत सुटलं तर त्यात परीक्षा कसली?" मास्तर पुटपुटले. पण पक्कड निश्चिंत मनाने जिना उतरली होती.

आता मास्तरांच्या पोटात गणिताची सूत्रं वर्षानुवर्षं राहत, पण गुपित एक रात्र राहत नसे. त्यांनी ते फक्त नर्सबाईंना सांगितलं. नर्सबाईंनी फक्त टेलरकाकांना. आणि तिघांनाही आपापल्या परीने तेच वाटलं: या पोरांनी आपल्यासाठी एवढं केलं, आता पोरांना गरज आहे, तर मास्तरांनी एकट्यानेच पुण्य का घ्यावं?

रविवारी सकाळी पक्कड इस्त्रीचा कुडता घालून, हसरा चेहरा करून इमारतीच्या दारात उभी होती. बाई वेळेवर आल्या. पिकलेले केस, पायात चालायचे बूट, आणि खूप संस्था पाहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा सहनशील भाव. पक्कड ‘नमस्कार’ म्हणणार तेवढ्यात नर्सबाई मधून पुढे झाल्या.

"या या! मी नर्स. म्हणजे लाभार्थी. चला, मी नेते वर. तू हो पुढे गं, तयारीला लाग." आणि डोळा मारून त्यांनी बाईंना लिफ्टकडे वळवलं.

नर्सबाई डोळा का मारताहेत हे पक्कडला कळेना. ते थोड्याच वेळात कळलं. पहिल्या मजल्यावर घंटा वाजायला लागली, आणि थांबेचना. वर मास्तरांकडे जाता जाता नर्सबाईंनी लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबवून आपल्या दारावरच्या घंटेच्या बटणात आगकाडी खुपसली होती. काडी आत मोडली होती आणि बटण दाबलेलंच राहिलं होतं. नर्सबाईंचा कान जरा जड असल्यामुळे त्यांनी घंटा मुद्दाम मोठी बसवून घेतली होती. ती अशी कोकलत होती की रस्त्यावरचे लोक वर बघायला लागले.

त्या आवाजाने दुसऱ्या मजल्यावर मास्तर दचकले. मास्तरांनी नट दोन फेरे सैल करून थांबायला हवं होतं. पण पेपर अगदीच सोपा होतो म्हणून त्यांनी तो अजून थोडा फिरवला होता, मग अजून थोडा, आणि या क्षणी ते नळाला हात लावून ‘आता बरा गळतोय’ असं म्हणत उभे होते. दचकले तशी नळाची मुंडी त्यांच्या हातात आली. पुढचं पाणी थेट मास्तरांच्या छातीवर आलं.

"अगं पोरीऽऽ! पेपर अवघड निघाला गंऽऽ!" मास्तर ओरडले. पण घंटेपुढे कुणाचं काय ऐकू येणार?

पक्कड घरात धावली. हत्यारांची पेटी टेबलाखाली होती. तिने ती ओढली. पेटीला कुलूप.

"किल्ली कुठाय?"

"साहित्यप्रमुखाकडे!" मुद्दा ओरडला.

"तो कुठाय?"

"मामाकडे गेलाय! सगळी कामं संपली म्हणून त्याने रजेचा अर्ज दिला होता! तूच मंजूर केलास!"

पक्कडने कपाळावर हात मारला. बाहेर उंच्या कानात बोटं घालून उभा होता. त्याला फक्त एवढंच कळत होतं की ही घंटा थांबली पाहिजे. त्याने आजूबाजूला पाहिलं. जिन्याखाली भिंतीवर इमारतीचा मेन स्विच होता. इतरांना तिथे स्टूल लागत असे. उंच्याने हात लांब केला आणि खटकन स्विच खाली ओढला.

घंटा थांबली. अशी काही शांतता पसरली की सगळ्यांना हायसं वाटलं. उंच्या अभिमानाने म्हणाला, "झालं काम! उच्चस्तरीय."

आणि त्या शांततेत, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधून कुठून तरी, नर्सबाईंचा आवाज आला, "घाबरू नका हं. लांब श्वास घ्या. हात द्या, नाडी बघते."

"लिफ्ट!" पक्कड किंचाळली. "अरे, बाई लिफ्टमध्ये आहेत!"

उंच्याने परत स्विचकडे हात नेला. तेवढ्यात मुद्दाने उडी मारून तो हात धरला. त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच मुद्दा होता जो त्याने बोट वर न करता मांडला. "थांब! खाली बघ!"

जिन्यावरून पाणी येत होतं. पायरी पायरीने, सावकाश, पाहुण्यासारखं. मास्तरांच्या मोरीतून ते पॅसेजमध्ये आलं होतं, पॅसेजमधून जिन्यात, आणि आता ते थेट मेन स्विचच्या भिंतीवरून ओघळत होतं. तिथे वीज चालू करणं म्हणजे जिवाशी खेळ. आधी पाणी थांबायला हवं, मग वीज, मग लिफ्ट.

"गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करा!" पक्कडने हुकूम दिला. उंच्या तीन तीन पायऱ्या ओलांडत गच्चीवर गेला आणि तेवढ्याच वेगाने खाली आला.

"कॉकची चक्री नाहीये!"

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी काढून नेलीये! नुसता दांडा आहे!"

तेवढ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरून दार वाजवल्याचा आवाज आला. "पोरांनो! चक्री माझ्याकडे आहे!" टेलरकाका दाराआडून ओरडत होते. "म्हटलं, मास्तरांचा नळ एक, घंटा दुसरी, आपलं काहीतरी वेगळं हवं! टाकीची चक्री काढून ठेवली! बाईंसमोर बसवा, छान दिसेल!"

"काका, दार उघडा आणि चक्री द्या!"

दारापलीकडे कडी दोनदा खडखडली. मग काका जरा खालच्या आवाजात म्हणाले, "दारपण बिघडवलंय रे. म्हटलं, एकाला दोन असलेली बरी. लॅचचे स्क्रू काढले, तर आतला खटका घसरलाय. आतून उघडत नाही, बाहेरून तुम्हीच उघडायचंय."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे नवरी नकटी नव्हती. वऱ्हाडच फार उत्साही होतं. पाणी वाहतंय, ते बंद करायची चक्री दाराआड, दार उघडायची हत्यारं पेटीत, पेटीची किल्ली मामाकडे, आणि जिच्या एका शब्दावर सगळं अवलंबून ती बाई लिफ्टमध्ये लोंबकळतेय.

"माझा एक मुद्दा आहे," मुद्दा सवयीने म्हणाला. "पेटीचं कुलूप तोडायचं असेल तर तीन पदाधिकाऱ्यांची संमती..."

पक्कडने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुद्दा त्याने गिळून टाकला.

"हे घे."

दारात आई उभी होती. हातात एक जुनी, काळी पडलेली, एका मुठीला चिंधी गुंडाळलेली पक्कड. दप्तरातली पक्कड. कॉलेजातली.

"ही कुठे सापडली तुला?"

"सापडली कसली! माझ्या ओट्यावरच असते. माझा नळ तुमच्या कलमात बसत नाही ना, रोज रात्री झोपताना हिनेच पिळून बंद करते. जा आता, बघत काय बसलीस?"

पक्कडने ती हातात घेतली. ती मूठ ओळखीची होती. का कोण जाणे, तिचे डोळे भरून आले, पण रडायला वेळ नव्हता. इस्त्रीच्या कुडत्याची बाही वर सारत, ओल्या जिन्यावरून घसरत सावरत ती गच्चीवर पोचली. कॉकचा नुसता दांडा उभा होता. तिने तो पकडीत धरला आणि सगळा जोर लावला. दांडा हलेना. तिने पुन्हा धरला. तिचं नाव काही उगाच पडलं नव्हतं. कुईऽऽ असा आवाज करत दांडा फिरला, परत फिरला, आणि बंद झाला.

खाली मास्तर ओरडले, "उत्तर बरोबर!"

पुढची कामं तिने एकापाठोपाठ एक केली. नर्सबाईंच्या घंटेतली काडी ओढून काढली. टेलरकाकांच्या दाराचा खटका सरकवून त्यांना मोकळं केलं. ते चक्री हातात धरून बक्षीस समारंभाला आल्यासारखे बाहेर पडले. मास्तरांच्या नळाला मुंडी बसवली. मुद्दाने खाली गुडघ्यांवर बसून भिंत आणि फरशी पुसली. ती पूर्ण कोरडी झाल्याची खात्री त्याने तीनदा केली, आणि या एका बाबतीत त्याला कुणी हसलं नाही. मग उंच्याने हात लांब केला.

लिफ्ट खाली आली. नर्सबाई बाईंचं मनगट धरूनच बाहेर पडल्या. "नाडी उत्तम आहे," त्यांनी जाहीर केलं.

सगळी वरात पक्कडच्या घरात बसली. बसली म्हणजे बॅनर, शिडी आणि शिक्का यांच्यामधून जिथे जागा मिळाली तिथे. सगळे निथळत होते. बाई तेवढ्या कोरड्या होत्या. आईने चहा ठेवला होता आणि तिच्या चेहऱ्यावरून ती सोमवारची तयारी करत असावी असं वाटत होतं.

पक्कड उभी राहिली. तिच्या कुडत्यावर गंज, पाणी आणि काळं ग्रीस होतं. रात्री पाठ केलेलं भाषण कुठेतरी जिन्यात सांडलं होतं.

"बाई, खरं सांगायचं तर आज इथे काहीच बिघडलेलं नव्हतं. तुम्हाला काम दाखवायचं म्हणून मीच मास्तरांना नळ बिघडवायला सांगितलं. चूक माझी आहे. यांची नाही."

"आमची नाही कशी?" टेलरकाका दुखावले. "दोन बिघाड एकट्याने केलेत मी!"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मला माहीत आहे सगळं. लिफ्टमध्ये या नर्सबाईंनी सांगितलं. चपलेच्या रबरापासून आगकाडीपर्यंत सगळं."

"अडकल्यावर माणसाशी बोलत राहावं लागतं," नर्सबाई म्हणाल्या. "नाहीतर घाबरतं."

"मी खूप संस्था बघते," बाई म्हणाल्या. "सगळीकडे लोक संस्थेबद्दल तक्रार करतात. संस्थेसाठी स्वतःच्या घरात पूर आणणारे लोक मी पहिल्यांदा पाहिले. ते काही त्या शिक्क्यामुळे आणत नाहीत." त्यांनी टेबलाकडे पाहिलं. शिक्का वरणाच्या पातेल्याला टेकून उभा होता. "गाळा मी देईन. पण एक अट आहे."

सगळे पुढे वाकले. ओट्याजवळ आईचा हात कपबशीवर थांबला.

"अर्ज, सभा, शिक्का, किल्ल्या, हे सगळं या तिघांनी सांभाळायचं. यांच्याकडे वेळ आहे, आणि उत्साह तर मी आज बघितलाच. तुम्ही मुलांनी फक्त हत्यारं घ्यायची आणि जायचं."

"पण माझा मुद्दा असा..." मुद्दाने बोट वर केलं. "ही युवा संस्था आहे. आणि हे..."

"हे काय?" नर्सबाई म्हणाल्या. "सकाळपासून या इमारतीत सगळ्यात जास्त दंगा कुणी केला? बोल!"

मुद्दाने बोट खाली घेतलं. मास्तरांनी शिक्का उचलून हातावर उमटवून पाहिला, आणि पेपरावर सही करणाऱ्या माणसाचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. पदाधिकाऱ्यांनी एकही ठराव न करता राजीनामे दिले. उंच्याने आनंदाने उडी मारली आणि पंख्याला डोकं आपटून घेतलं. पंखा बंद होता, हे संस्थेचं नशीब.

दोनच दिवसांत सगळा पसारा कोपऱ्यावरच्या गाळ्यात गेला. बॅनर गेला, शिडी गेली, बाक गेला. मास्तर तिथे रोज सकाळी टेबलाशी बसतात आणि अर्ज करायला आलेल्या माणसाला एक छोटं गणित घालतात. किल्ल्या नर्सबाईंच्या कमरेला आहेत. चहाचं कलम टेलरकाकांनी कात्रीने कापून टाकलं, अगदी सरळ रेषेत. मुद्दाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आला आहे आणि आश्चर्य म्हणजे त्याच्या हाताला वळण आहे.

पदाधिकारी नसल्यामुळे पक्कडला आता कलम लागू नव्हतं. पहिल्याच मोकळ्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातला नळ उघडला, नवा वायसर घातला आणि आवळला. टप टप थांबलं. बाहेरच्या खोलीत सोफा रिकामा होता, टेबलावर फक्त ताटं होती. आईने सोफ्याच्या या टोकाला बसून पाहिलं, मग त्या टोकाला.

"मिळालं ना गं तुझं घर तुला?" पक्कडने विचारलं.

"मिळालं बाई एकदाचं," आई म्हणाली. "काय ती शांतता!" आणि बराच वेळ ती त्या शांततेकडे बघत बसली.

पुढच्या रविवारी सकाळी पक्कड पिशवी उचलून निघणार, तर आईने आतून हाक मारली. "अगं, नळ परत गळायला लागलाय बघ."

"काय सांगतेस? आत्ताच तर केला!"

"केला असशील. गळतोय खरा. तुला एकटीला जमणार नाही. त्या उंच्याला आण, मुद्दालापण आण. आणि ते तिघं गाळ्यात काय करताहेत एवढे? त्यांनाही म्हणावं, येऊन पाहणी करा. मी चहा टाकते."

पक्कड नळाजवळ गेली. नळ खरंच गळत होता. नटावर पकडीच्या दातांचे ताजे, चकचकीत ओरखडे होते. ओट्यावर ती जुनी पक्कड धुऊन पुसून उताणी ठेवली होती. आई पाठमोरी उभी राहून कप काढत होती. पंक्तीला काढावेत इतके कप तिने काढले होते.

पक्कडने पिशवी खाली ठेवली आणि नळाकडे बघून गंभीरपणे मान हलवली.

"अवघड दिसतोय गं, आई. वेळ लागेल. प्रत्येक रविवारी यावं लागेल असं वाटतंय."

"बघ बाई," आई मागे न वळता म्हणाली, "तुमच्या कलमात बसत असेल तर."